दोन रुपये सत्तर पैसे

ब्याऐंशी चाळीस होता डॉलर
मी ऑर्डरवर सही केली तेव्हा.
बँकेतल्या तोळणुरे मॅडम म्हणाल्या,
"इरबत्ती, दर आजच बांधून घ्या तीन महिन्यांचा.
पंचाहत्तर पैसे जास्त पडतील,
पण रात्री झोप लागेल."
मी हसलो.
झोपेला कधीपासून पैसे पडायला लागले?
आमच्या अण्णांनी जन्मात कधी
उद्याचा भाव आज दिला नव्हता.

मग जहाज निघालं निंगबोहून.
चाळीस हजार डॉलरचा रंग,
बहुतेक लाल, थोडा निळा,
पंचवीस-पंचवीस किलोच्या ड्रमांत
झाकणाखाली गप्प बसलेला.
रंग समुद्रात, आणि मी अक्कलकोट रोडला
गोदामाच्या ओट्यावर मोबाईल धरून.
आमच्याकडे नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी,
दर मात्र सेकंदाला येतो.

ब्याऐंशी नव्वद.
त्र्याऐंशी पंचावन्न.
चौऱ्याऐंशीवर दोन दिवस थबकला,
वाटलं, दमला असेल.
दमला नव्हता.
लांब कुठल्या तरी देशात
टेबलाभोवती बसून कुणी व्याज वाढवलं म्हणे.
त्यांना गेंट्याल चौक माहीत नाही,
मलाही त्यांचं टेबल माहीत नाही,
तरी त्यांनी हात वर केला
आणि माझ्या खिशात पडला.

कागद आले त्या दिवशी पंच्याऐंशी दहा.
फरक दोन रुपये सत्तर पैसे.
एवढ्यात बाजार समितीबाहेर चहासुद्धा मिळत नाही.
गुणिले चाळीस हजार:
एक लाख आठ हजार.
जपमाळच की. एकशे आठ मणी,
एकेक मणी हजाराचा.
वर कस्टमचा दर वेगळा, बँकेचा वेगळा,
घ्यायचा एक, विकायचा एक,
आणि मॅडमच्या तोंडावर
"मी म्हटलं होतं" हे न म्हणण्याची सभ्यता.

त्याच संध्याकाळी नागनाथ बुर्लाच्या शेडमधून पेढे आले.
तो टॉवेल पाठवतो हँबर्गला.
डॉलर चढला की त्याच्या भिंतीपलीकडे दिवाळी,
अलीकडे मी.
भिंत एकच, नऊ इंची.
"काय करलालाय शेठ, घ्या की," म्हणाला,
"आणि आपला लाल जुन्याच भावानं ना?"
मी पेढा खाल्ला.
पेढा खरंच चांगला होता.

भाव वाढवला मी. वाढवावाच लागला.
बुर्लानं कुरकुरत दिला, त्याला परवडत होतं.
चंद्रय्या सादूल मात्र चादरी इथंच विकतो,
रुपयात, उधारीवर.
त्यानं पावती दोनदा वाचली,
मग हिशेब करून म्हणाला,
"मोराच्या तुऱ्यातला लाल काढू."
राजमल्लूनं जकार्डचे पुठ्ठे उतरवले,
कुठली भोकं बुजवायची ते बोटानं मोजलं.
एक दुपार गेली त्यात.
मोर तसाच नाचत राहिला
पिवळ्या तुऱ्याचा.

गड्ड्याची जत्रा संपता संपता
डॉलर उतरला, त्र्याऐंशी साठ.
का चढला होता हे सांगणारेच
आता का उतरला ते सांगत होते, त्याच आवाजात.
मी सादूलकडे गेलो मुद्दाम, स्कूटरवरून.
म्हटलं, लाल स्वस्त झालाय,
तुरा पुन्हा घाल.
त्यानं विडी विझवली.
"राहू दे. सहा महिने झाले,
एका गिऱ्हाइकानं विचारलं नाही."

पुढच्या ऑर्डरला मी दर बांधला.
पंचाहत्तर पैसे मोजले, सही केली,
आणि डॉलर खालीच राहिला, अगदी मुकाट.
एवढे पैसे पाण्यात.
मॅडमनी विचारलं, झोप लागते का?
लागते.
पहाटे साडेचारला जाग येते,
अंगावर अण्णांच्या वेळची चादर असते,
चार रंगांचा मोर.
अंधारात त्यातला लाल काही दिसत नाही.
मी मोबाईल शोधतो,
त्याच्या उजेडात आधी दर बघतो.