आवक

नागदेवी स्ट्रीट, दुसरा मजला, गाळा नंबर सात.
खाली हातगाडीवरून पाइप उतरतायत,
प्रत्येकाचा आवाज त्याच्या लांबीएवढा.
वर मी, पंप-व्हॉल्व्हच्या कॅटलॉगांत कोपर टेकून
येणाऱ्या मेलना वाटा आखून देतोय.
माझा धंदाच जर-तरचा.

जर विषयात 'चौकशी', तर विक्रीकडे.
जर सोबत बिल, तर बिलांच्या खणात.
पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याचं खातं उघडा,
नसेल तर नवं काढा
आणि नमस्कार पाठवा.
दर पाच मिनिटांनी यंत्र पेटीत हात घालील,
सापडेल ते उचलील, नंबर घालील.

नंबर घालणं इथं एकोणतीस वर्षं
मंदाकिनी वैतींचं काम.
आवक बारनिशी, लांबडी, कापडी पुठ्ठ्याची.
टपाल होतं तोवर टपाल,
मग फॅक्स, मग मेल आले तर तेही छापून,
उजव्या कोपऱ्यात गोल शिक्का,
त्यातली तारीख रोज सकाळी चिमट्याने बदललेली.
"तुमचं यंत्र तारीख विसरत नाही ना?"
नाही म्हटलं.
"मी विसरले एकदा.
संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसात कालचाच दिवस होता."

पहिल्याच रात्री घोळ.
चिपळूणचं एक गिऱ्हाईक 'रजेवर आहे'
असं आपोआप उत्तर लावून गेलेलं.
आमच्या यंत्राने पोच दिली.
त्यांच्याने कळवलं, रजेवर आहे.
आमच्याने रजेची पोच दिली.
सकाळी अकराशे चौदा मेल.
"व्याही निघताना दारात करतात तसं," बाई म्हणाल्या,
"चपला घालूनसुद्धा अर्धा तास."
मी नियम घातला,
आपोआप आलेल्याला आपोआप उत्तर नाही.

मग आणखी एक: सहीखालचं सगळं गाळा.
तिथे काय असतं? कंपनीचं बोधचिन्ह,
वकिली इशारे, कागद वाचवा, झाडं वाचवा.
बाई चष्मा कपाळावर नेऊन म्हणाल्या,
"ता. क. सहीखालीच असतो की."

आणि बारनिशी उघडली.
शेवटचा रकाना, शेरा.
सांगोल्याचे दुधाळ: ता. क. वॉशर पितळी, लोखंडी नकोत.
पेणचे म्हात्रे ब्रदर्स: ता. क. चेक दिवाळीनंतर भरावा, त्याआधी वटणार नाही.
मुरुडचे रहीम उलडे: ता. क. मुलगी बारावी झाली.
समोर बाईंचं उभट अक्षर,
'अभिनंदन कळवले', खाली जावक क्रमांक.

"ह्याला तुमचा कुठला नियम?"

बराच वेळ पाइप वाजत राहिले.
मग लिहिलं:
जर मजकुरात ता. क., तर काही करू नका,
माणसाकडे द्या.
खाली यंत्राचा प्रश्न, लाल तारा लावून: कोणाकडे?
रिकामं सोडून चालत नाही.
बाई एकतीस तारखेला निवृत्त.
शेठचा मुलगा फोनवर, हातानेच खूण केली, टाका कोणीतरी.
मी माझाच पत्ता टाकला,
चाचणीपुरता.

ह्याला आठ महिने झाले.
आता अंधेरीत एका औषधवाल्याकडे
दुसरे जर, दुसरे तर.
रात्री कांजूरला जेवताना फोन थरथरतो.
ता. क. बाई दोन गॅस्केट जास्त टाकायच्या, ह्या खेपेला नव्हते.
ता. क. ऑफिसात कोणी आहे का?
नियम बदलायचा राहून जातो.
दोन मिनिटांचं काम.

काल उलडे:
अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह, चाळीस नग.
सही.
ता. क. मुलगी वाशीला नोकरीस लागली.

वैतीबाईंना मेल आयडी कधी नव्हताच.
फोन लावला. मागे कुकरची शिट्टी.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या,
"अभिनंदन कळवा.
आणि तारीख घाला, आजची."