कॅलेंडरच्या पाठीवर

शारजा, रोल्यामागची गल्ली, तिसरा मजला.
गळक्या एसीखाली बादली.
कार्गो कंपनीचं गेल्या सालचं कॅलेंडर
उलटं अंथरलंय फरशीवर,
कोपऱ्यांवर तांदळाचा डबा, इस्त्री, लेकाच्या दोन चपला.

सगळ्यात खाली मी.
सुरुवात आपल्यापासून करायची, मेलेल्यांपासून नाही,
एवढं मला ठाऊक.
पेन्सिलनं, खोडता यायला हवं.
बायका माहेरच्या नावानं,
आणि प्रत्येक चौकटीखाली बारीक अक्षरात
कुणी सांगितलं ते.

विनिता ऑगस्टीन तूही. जन्म भुसावळ, रेल्वेचा दवाखाना.
शाळेत हजेरी घेताना बाई म्हणायच्या, "तूही,"
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी, "मीही!"
दहा वर्षं तोच विनोद.

वर बाबा, मालगाडीचे गार्ड.
त्यावर आजोबा पॅट्रिक, त्यावर पणजोबा डॅनियल,
आणि टोकाला खापरपणजोबा मायकेल,
लोको शेडमधला फिटर,
आयर्लंडचा, क्लेअर परगण्यातल्या फीकल गावचा.
आडनाव कुठे टूई, कुठे टूही, कुठे टोही,
लिहिणाऱ्याच्या कानाला लागलं तसं.
त्याची आई ब्रिजेट मिनोग.
तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीत
बाई लेकरं होईतो माहेरचीच राहिलेली.

"म्हणजे तिकडचा पासपोर्ट मिळेल?" लेक विचारतो.
नाही रे. इतक्या लांबचं रक्त चालत नाही.
तो हेडफोन चढवतो.

दिवसभर टायपिंग सेंटरात मी लोकांची नावंच भरते.
परवा दिब्ब्याचे एक म्हातारे आले, होडीच्या परवान्यासाठी.
सालेम बिन खलफान बिन हुमैद बिन उबैद…
सातापर्यंत गेले, पाढे म्हणावेत तसे, कुठे न अडखळता.
मग मी विचारलं, "आईचं नाव?"
त्यांनी मागे वळून पाहिलं, काचेबाहेर पाहिलं,
आणि माझ्या कीबोर्डवर वाकून कुजबुजले.
त्या रकान्याला तांबडा तारा असतो.
कोरा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही.

चुलतभावानं लग्नाच्या नोंदवहीचा फोटो पाठवलाय.
अठराशे सत्त्याऐंशी.
वर: मायकेल, वय सत्तावीस, बापाचं नाव, बापाचा धंदा,
वळणदार अक्षरात सगळं.
वधू: मेरी. वय पंधरा.
वडील: आडवी रेघ.
आई: रकानाच नाही.

मेरी हे तर पाण्याबरोबर मिळालेलं नाव.
डोक्यावर ते पाणी पडायच्या आधी
तिला घरातून हाक कशी मारत?
समुद्रापलीकडची ब्रिजेट मला तासाभरात सापडली.
तापीकाठची ही सापडेना.

एथेल आत्याला फोन लावला.
अठ्ठ्याऐंशीची, ऐकू कमी येतं, आठवतं जास्त.
"मी सात वर्षांची होते गं, ती खाटेवर. नाव? मेरीच की."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"पण कोंबड्या हाकताना अहिराणीत शिव्या द्यायची.
अशा शिव्या, की फादर रस्ता बदलायचे."
एखादी सांग ना.
"चल, मी नाही म्हणणार," म्हणाली,
आणि हसता हसता तिला खोकला आला.

शिव्या पुरावा म्हणून धरतात का, ठाऊक नाही.
लिहिलं मात्र:
अहिराणी. कोंबड्या. आत्याकडून, फोनवर, शनिवारी.

मग पेन्सिलीला टोक काढलं.
मेरी खोडलं नाही.
तिच्या अलीकडे, जिथे आधीचं नाव यायला हवं होतं,
तिथे हलक्या हातानं
लिहिलं: तूही.

बादली काठोकाठ आली होती.
उठून ओतून आले.