इतर भार

सतरा वर्षांनी बँकेने फाईल परत दिली.
पांढरी नाडी चहाच्या रंगाची झालेली,
वर मार्करने: कोकिळा भ्र. हिलाल बोरसे, अमळनेर.
भ्र. म्हणजे भ्रतार. असं मी त्याला एकदाही म्हटलेलं नाही.
आत ना-देय दाखला, गोल शिक्का.
मॅनेजरने पेढा अर्धाच घेतला, शुगर आहे म्हणाले.
मला वाटलं, संपलं.

सिटी सर्व्हेच्या खिडकीतून भामरे भाऊसाहेब म्हणाले,
फिटलं ते बँकेत. इथे नाही फिटलं.
मिळकत पत्रिका माझ्याकडे फिरवली:
"इतर भार" या रकान्यात अजून बँकच बसलेली.
बोजा आपोआप उतरत नसतो, ताई.
अर्ज, दाखला, फेरफार,
मग नोटिशीचे पंधरा दिवस,
कुणाची हरकत आहे का ते विचारायला.

कुणाची असणार?

बाकावर बसून खरेदीखत पहिल्यांदाच वाचलं.
सही केली तेव्हा रात्रपाळी करून आले होते,
कारकुनाचं बोट जिथे, तिथे माझं पेन.
यासी चतुःसीमा:
पूर्वेस वीस फुटी रस्ता
(ओटे वाढून वाढून बारा उरलाय),
पश्चिमेस धुडकू शिंपी यांचा प्लॉट
(शिंपी गेले, मुलगा सुरतेला, दाराला कुलूप),
उत्तरेस चौदा नंबर, दक्षिणेस सोळा.
माझं घर कुठे आहे हे सांगायला
सगळं दुसऱ्यांचं लिहावं लागलं.
मधे उरलं ते माझं.

खाली एक जुन्या वळणाची ओळ:
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह.
हिलाल पाण्याची बाटली धरून उभा होता, त्याला विचारलं.
निक्षेप म्हणजे पुरलेलं धन, म्हणाला,
आणि स्वतःच हसला.

जल: नळाला, पाचव्या दिवशी, पाऊण तास.
तरू: तेव्हा नव्हता. लिंब मी लावला,
चौथा हप्ता चालू होता.
तृण: केना, उपटला तरी येतो.
काष्ठ: दाराची चौकट, खालून वाळवी.
पाषाण: धुण्याचा. तो माहेराहून आणलाय,
तो खतात धरायचा का?
निक्षेप:
लिंबाच्या बुडाशी धाकटीची नाळ पुरली आहे.
हे बँकेला कळवलं नव्हतं.
म्हणजे इतकी वर्षं तीही गहाणच.

जिना उतरताना हिलालने विचारलं,
आते व्हयनं ना आपलं?
म्हटलं, आखो पंधरा दिन.

नोटीस फलकावर लागली, पाणीपट्टीच्या यादीशेजारी.
ड्यूटीवर जाताना रोज थांबून वाचायचे.
हरकत कुणाचीच आली नाही.
सोळाव्या दिवशी नवी पत्रिका हातात आली.
इतर भार: निरंक.
फक्त नावात, कोकीळा, की दीर्घ पडली आहे.
तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो.