सहा-सोळा

उद्यमनगरात, गल्लीच्या अगदी टोकाला,
लेथचा कीस जिथं दाराबाहेर सांडतो,
बाबालाल शिकलगारांचं टायरचं दुकान.
दुकान म्हणजे पत्रा,
पत्र्याखाली काळोख,
काळोखात रबराचा वास.

जीप दारात लावली.
साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातली, लिलावात घेतलेली.
दारावर अजून पुसट: गट नंबर चार.
चार चाकांना चार जातीचे टायर,
त्यातला एक तर ट्रॉलीचा.

पुतण्या सम्मेद बरोबर होता.
मोबाइलवर त्यानं जमवलेली चित्रं,
पैलवानाच्या मांडीएवढे रुंद टायर, आत चकाकणारी रिमं.
"काका, हेच. जरा चाकोरीबाहेरचा विचार करा."

बाबालालनी चष्मा कपाळावर सारला.
जीपभोवती एक फेरी मारली, न बोलता,
बाजारात घोडं बघावं तशी.
मग मडगार्डच्या आत हात घालून
बोटांनी काहीतरी वाचलं.
"आदीच्यानं बी हीच हौस केलीती. बगा."
पाट्याच्या कडेला घासल्याची रेघ,
नव्या नाण्यासारखी.

दुकानामागं ट्यूब तपासायचं टाकं,
भोवती कायमचा चिखल.
आतनं एक परात मागवली, एक खुरपं.
परात चिखलावर ठेवून वर पाय दिला.
परात तरंगली, सरकली,
सम्मेदच्या पांढऱ्या बुटावर शिंतोडे.
मग खुरपं. एका तळव्याचा जोर.
खाली कुठंतरी टक्क झालं.

"मुरूम लागला," बाबालाल म्हणाले.
"अरुंद चाक चिखलाशी भांडत न्हाई.
कापून खाली जातं,
जमीन हाय तितवर."

आणि थोडं थांबून, धंद्याला न शोभणारं:
"वाळूत मातर हे रुतंल.
समुद्रावर न्यायची असंल तर पोराचं ऐका.
आन् डांबरावर ब्रेक जरा लवकर दाबायचा."

समुद्रावर कोण जातंय.
माझ्या मधमाश्यांच्या पेट्या गगनबावड्याच्या वरच्या सड्यावर,
शेवटचे तीन किलोमीटर तांबडं लोणी.

शिडी लावून त्यांनी वरचे दोन काढले.
सहा-सोळा. सहा इंच रुंद, सोळाचं रिम,
दात आडवे, जाड, बिनपॉलिशचे,
पुढं जाताना जसे, मागं येताना तसेच.
(माघारीला एवढा मान
मी दुसऱ्या कुठल्या वस्तूत पाहिला नाही.)
त्यांनी कडेला नख रुतवलं, वाकवलं,
बारीक भेगा उघडल्या, मिटल्या.
"हे म्हातारं झालं. इकणार न्हाई.
नवं लुधियान्याहनं मागवतो. आठ दिस."

आठाचे अकरा झाले.
पाच आले, ट्यूब आणि फ्लॅपसकट,
पाचवा मागं टांगायला.
बसवून झाल्यावर सम्मेद लांब जाऊन उभा राहिला.
"काका, सायकल दिसतीय."
दिसत होती. खोटं कशाला बोलू.
पण फुलेवाडीच्या नाक्यावर स्टिअरिंग
दोन बोटांत वळलं,
आणि खांद्यात वर्षभर बसलेला एक माणूस
उठून गेला.

बावड्याच्या पुढं डांबर संपलं.
गिअर खाली, काचेवर तांबडे थेंब,
एकदा मागचं चाक फिरलं नुसतंच,
सम्मेदनं दांडा घट्ट धरला,
मग खालून तोच आवाज, टक्क,
आणि गाडी बिनबोभाट वर.

वर गवतात एक जुनी वाट होती,
बैलगाड्या कधीच थांबल्यात तिच्यावर.
दगडात उतरलेल्या दोन खाचांपैकी
एका खाचेत डावं चाक बसलं,
रुंद असतं तर काठावरच अडलं असतं.
सम्मेद खाली वाकून बघत राहिला.
"चाकोरी," मी म्हटलं.
"ही होय?" तो म्हणाला.
त्यानं हा शब्द फक्त भाषणात ऐकला होता.

पेट्यांपाशी इंजिन बंद केलं.
माश्या त्यांच्या कामात.
परतताना गाडी त्यानं चालवली,
आणि फोटो काढला तो गाडीचा नाही,
चिखलातल्या दोन बारीक रेघांचा,
तळाशी मुरूम दिसेल असा.