डाव्या कुशीत

उम्म अल क्वैनच्या खाडीवर रात्री अडीच वाजता
वाऱ्यालाही घाम असतो.
तिवरांत एक बगळा उभ्याउभ्या झोपलाय.
आत मी, मायक्रोस्कोप,
आणि शाजीने चिकटपट्टीने बांधून ठेवलेला चिलर.

खमीसकाकांनी बादली आणली तेव्हा
सात होते. काळे, जांभळट, सगळे काटेच.
याचं काय करता बाई, म्हणाले,
पायात मोडला की महिनाभर बोलतो हा.
आमच्या देवबागेत रापणीला लागला तर
आई काठीने सोडवायची
आणि ठेवणीतली शिवी घालून परत पाण्यात.
मी पगार घेऊन
त्याच्या तोंडाजवळच्या मऊ कातडीत सुई टोचते,
हलवते, पालथा धरते ग्लासवर.

पाठीवरच्या पाच भोकांतून उतरतं मग:
मादीचं केशरी, नराचं दुधाळ.
थेंबात थेंब.
मिनिटभरात अंड्याभोवती कडं उठतं,
कुणी आतून कडी घालावी तसं.
उशिरा आलेले बाहेर धडका देत राहतात.

दोन. चार. आठ.
पुढे मी मोजत नाही, चहा ठेवते.

सकाळी ते पोकळ, केसाळ, गरगरत असतात.
नंतर एका अंगाने आत खचतात,
शिळ्या पुरीसारखे.
ते भोक म्हणजे तोंड असणार, असं वाटतं.
नसतं.
आधी गुद, तोंड मागाहून,
मुनीरामॅडम प्रत्येक नव्या पोराला सांगतात,
आणि लगेच: हसू नका, तुमचंही तसंच झालंय.

मग हात. चार, सहा, आठ.
आत चुन्याच्या काड्या,
पतंगाच्या कामट्या जशा कागदातून दिसतात.
शेवाळाचा घास घशाखाली उतरताना दिसतो.
इतकं नितळ कुणी असू नये.
डावं-उजवं अगदी सारखं, आपल्यासारखं,
तिसऱ्या आठवड्यापर्यंत.

तेव्हा जठराच्या डावीकडे
एक गाठ धरते.
पाच कोनांची. काट्यांची तयारी करणारी.
हे त्याचं पोर नाही.
तो स्वतःच आहे, पुढचा.
आणि तरंगणाऱ्याला काही कळवलेलं नसतं,
तो आपला आठ हात पसरून
शेवाळ गोळा करतोय
डाव्या कुशीतल्या कुणासाठी.

ऑगस्टच्या वीस तारखेला चिलर मेला.
पाणी चौतीस, मग साडेचौतीस.
शाजी मशिदीजवळच्या बकाल्यातून
बर्फाच्या पिशव्या खांद्यावर आणत होता, बनियनवर, धापा टाकत.
पहाटे टाक्यांच्या तळाशी
पांढरा रवा साचला होता.
मॅडमनी वहीत तारीख लिहिली, पेन तसंच धरून बसल्या.
माझ्या टेबलावरच्या एका बीकरात
अकरा फिरत होते.

एकोणीस वर्षांत ओळखपत्राचे
नऊ फोटो झाले माझे.
एका पाकिटात आहेत, पत्त्यांसारखे.
भाचीने ते जमिनीवर मांडले आणि विचारलं,
मावशी, यातली तू कुठली?
मी म्हटलं, खेळू नको, हरवतील.

काल रात्री बीकरात खडबडीत दगड ठेवला,
गुलाबी शेवाळाची साय चढलेला.
एक जण खाली आला. रेंगाळला. टेकला.
मग तासाभरात
हात आक्रसले, कामट्या उघड्या पडल्या,
आणि डावीकडचा बाहेर आला,
मोजा उलटा करताना आतली बाजू येते तसा.
सुईच्या टोकाएवढा. काटे हलवणारा.
अजून त्याला तोंड नाही.
जुनं मिटलं, नवं उघडलेलं नाही,
आत पाच दातांचा कंदील बांधून होतोय,
तोवर आठवडाभर जुन्या हातांवरच भागवायचं.

त्याला मोजपट्टीवर घ्यायचं म्हणून
मी पिपेट जवळ नेली, हलकेच ओढलं.
नाही.
पुन्हा ओढलं.
एक पाय, केसाहून बारीक,
टोकाला बशीएवढाही नाही, बशीच्या ठिपक्याएवढा,
दगडाला धरून होता.