पूर्वीची कुलपं

परवा बिंदू चौकात सभा झाली.
साहेब म्हणाले, पूर्वी या कोल्हापुरात
दाराला कुलूप नव्हतं, भावांनो.
बाई अंगभर सोनं घालून
रात्री बाराला रंकाळ्यावर फिरून यायची,
केसाला धक्का नाही.
शिट्ट्या. टाळ्या.
साहेबांच्या पाठीमागं तुरुंगाची भिंत होती,
दगडी. ती पण पूर्वीचीच.

मी पण वाजवली टाळी, खोटं कशाला बोलू.
हात आपोआप उठले.

पण कुलूप नव्हतं म्हणता,
तर माझा आजा, हुसेन शिकलगार,
पापाच्या तिकटीला चाळीस वर्षं
काय लाडू विकत बसला होता?

त्याची वही आहे माझ्याकडं. तेलानं काळी पडलेली,
अक्षर मुंग्यांसारखं.
गुजरीतली पेढी: सात लिव्हरचं. चाव्या तीन, तिन्ही मालकाकडं.
शनिवार पेठ, मधलं घर: कडी-कोयंडा बाहेरच्या बाजूनं.
नवरा मिलला जाताना लावणार. चावी नवऱ्याकडं.
नदीपलीकडचं एक गाव, नाव पुसलंय:
आडाच्या झाकणाला पितळी, मोठं.
चावी पाटलाकडं. पैसे येणे.

ती मधल्या घरातली बाई
सोनं घालून रंकाळ्यावर कधी गेली का,
ते वहीत नाही.
आजा फक्त कुलपं लिहायचा.

शेवटच्या पानांवर माझं अक्षर आहे.
नागाळा पार्क, साहेबांचा बंगला: तीन कुलपं, एक जाळी.
चौथं बोटाच्या ठशावर उघडणारं,
ते पुण्याहून आलं, ते मला जमत नाही.

आणि तरी, मला आठवतं ते निराळंच.
उन्हाळ्यात आम्ही पोरं कट्ट्यावर निजायचो,
रस्त्याला पाय लागतील एवढ्या कडेला,
दार सताड उघडं,
वर पत्र्याच्या टोपीतला पिवळा दिवा.
कधी काही झालं नाही. खरंच नाही झालं.
काल अम्माला म्हणालो, किती निर्धास्त होतं नाही तेव्हा?
ती तांदूळ निवडत होती.
तू निजलेला असायचास, म्हणाली.
मी उंबऱ्यात बसलेली असायचे.
मांडीखाली मुसळ.

सभा सुटल्यावर एक पोरगं आलं दुकानात.
गळ्यात पट्टा, भुवयांपर्यंत गुलाल.
मामा, गर्दीत गाडीची चावी पडली बघा,
पाकीट पण हाणलं कुणीतरी.
मी हसलो नाही. हसू आलं होतं.
लॉक उतरवलं, कानस घेतली.
तो बोर्ड वाचत उभा.
शिकलगार म्हंजे नेमकं कोण ओ?

कानस थांबली.
चावी करणारे, मी म्हणालो.
तसं न्हवं, म्हणाला,
आणि तो पण पुढं बोलला नाही.
बाहेर रिक्षावर अजून घोषणा चालू होत्या.
मी परत घासायला लागलो. पितळेचा भुगा
बोटांवर, हळदीसारखा.

पाकीट नव्हतं म्हणून फोननं पैसे दिले.
स्क्रीनवर माझं पूर्ण नाव आलं असणार,
आप्पालाल, पुढं बापाचं.
त्यानं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं,
का नेटच स्लो होतं, कोण जाणे.
मग डबा ओरडला दुकानभर, ऐंशी रुपये प्राप्त झाले.
येतो मामा, म्हणाला,
आणि किक मारून गेला.
पोरगं वाईट नव्हतं.

शटर ओढलं. कुलूप घातलं,
माझ्याच हातचं. आजानं शिकवलेल्या घाटाचं.
ओढून बघितलं.
चप्पल लाईनीपर्यंत चालत गेलो, माघारी आलो,
परत एकदा ओढून बघितलं.

पूर्वी एकदाच ओढायचो.