पथारीवर

ताई, तुझा भटू आज पुन्हा कपाटावर चढून बसलाय.
शाळेच्या रजिस्टरात तो भाग्येश. त्या नावाला ओ देत नाही.
आणि भटू म्हणून हाक मारायचा हक्क
त्याने मला अजून दिलेला नाही.

दिवाळीनंतर त्याने यांचा मोबाइल
धुण्याच्या दगडावर आपटला.
एकदा नाही, काचेचं पीठ होईपर्यंत.
यांनी मारलं. तो रडला नाही.
रात्री मी विचारलं, काय व्हयनं रे?
काही नही.
सकाळी विचारलं.
भाकरी थापताना, दप्तर भरताना, दिवा घालवताना.
काही नही. काही नही.
चुकीची किल्ली फिरवत राहावी
आणि दोष कुलपाला द्यावा, तशी मी.

बाईंनी शाळेतून एक तक्ता दिला,
आठ गोल चेहरे : हसरा, रडका, चिडका, भ्यालेला...
रोज एकावर बोट ठेवायचं म्हणे.
त्याने आठही जणांना मिशा काढल्या
आणि तक्ता शेजारच्या शेळीला चारला.
खरं सांगू? मला हसू आलं होतं.
मी ते पदरात लपवलं.
लपवायला नको होतं.

गेल्या रविवारी यांची गाडी सुरतेला,
घरात त्याला एकटं कसं ठेवू?
घेऊन गेले नंदुरबारच्या बाहेर, पथारीवर.
तुला मी काय सांगणार.
नजर जाईल तिथवर लाल,
तोंडाला फडकी बांधलेल्या बाया,
आणि सगळ्यांच्या शिंका.
सरूबाई म्हणाली, याची माय दोन्ही हातांनी देठ खुडायची,
गप्पा मारताना तर जास्तच भराभर.
तो ऐकत होता. मान वर केली नाही.

मी समोर बसले नाही, बाजूला बसले.
दोघांच्या मधे एक गोणपाट.
विचारलं काहीच नाही.
मिरच्यांकडे बघत माझंच सांगत राहिले,
की मला सातवीतून काढलं त्या दिवशी
मी मामाच्या बैलाची घंटी विहिरीत टाकली होती.
सगळे म्हणाले, पोरगी वाया गेली.
घंटी का टाकली, ते कुणी विचारलंच नाही.

बऱ्याच वेळाने, देठ न थांबवता, तो म्हणाला,
मंग?
मंग काही नाही. अजून तिथेच असेल.

एक पाटी भरली. दुसरी अर्धी झाली.
आणि मग तो मिरच्यांनाच सांगू लागला :
मायना नंबर लावा व्हता.
मंग? मी म्हटलं. त्याचाच शब्द उसना घेऊन.
एक माणूस बोलना. राँग नंबर शे म्हने.
तीन येळ लावा.
तिसरी येळले त्याने शिवी दिन्ही.

तोंडाशी आलं होतं खूप काही :
देवाघर, तारा, शहाणा ना तू.
गिळलं सगळं. तिखट होतं.
त्याचं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते,
खांदे हलत होते.
मिरची गई डोयामा, तो म्हणाला.
मना बी, मी म्हटलं.
त्या लाल रानात
कुणाचं पाणी कशाचं, याचा हिशेब कोण ठेवतं?

घरी आल्यावर तो हात नळाखाली धरायला धावला.
मी थांबवलं. पाण्याने आग फक्त पसरते.
तेल घेतलं, एकेका बोटाला लावलं, बेचक्यांतूनसुद्धा.
त्याने हात ओढून घेतले नाहीत.
एवढंच. यापेक्षा जास्त काही घडलं नाही, ताई.
सोमवारी त्याने कुणाची तरी पाण्याची बाटली फोडली.

आत्ता मी कपाटाला पाठ लावून लसूण सोलतेय.
वरून एक पाय लोंबतोय माझ्या कानाशी,
अंगठ्याशेजारचं बोट लांब.
हे तुझ्याकडून आलं का गं?
विचारायला कुणी नाही, म्हणून तुलाच विचारतेय.

पाय हलायचा थांबला.
वरून आवाज आला,
त्या विहीरमा पानी कितलं शे?